धार बघायचा हात

सकाळी सात वाजता त्यानं खिळ्याला अडकवलेला कागद काढला आणि रोजच्यासारखं बोट ठेवून वाचायला घेतला. वाचणं त्याला उशिरा आलं होतं, पस्तिशी उलटल्यावर, आणि अजूनही तो एकेक अक्षर चाचपतच पुढे जाई. आधी खाटेचा नंबर, मग नाव, मग शरीराचा कोणता भाग साफ करायचा ते. कुणाचं पोट, कुणाची पाठ, कुणाची मांडी. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. पहिलं नाव लागलं, मग बापाचं नाव लागलं, मग आडनाव. तिन्ही लावून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की यातली शेवटची दोन आपली स्वतःची आहेत. पहिलं तेवढं दादाचं होतं. खाट अकरा, वय एकोणसत्तर, हृदयाचं ऑपरेशन, छाती, पोट, दोन्ही पाय. दुपारी बारा. बोट तिथंच राहिलं, आणि बोटाखालचा कागद जरासा ओला झाला. एवढंच. एकोणसाठ वर्षांच्या माणसाचं काम थांबायला आणखी काहीतरी लागतं.

सिस्टर म्हणाली, "काका, अकरा नंबर आधी उरका. त्यांना बाराला आत न्यायचंय."

"ते आमचे दादा आहेत."

"सख्खे?"

या प्रश्नावर बेचाळीस वर्षांपूर्वी एक घर फुटलं होतं. तो म्हणाला, "सख्खे."

"मग दुसऱ्याला पाठवू का? घरचं माणूस असलं की हात कापतो म्हणतात."

"माझा नाही कापत," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. या इस्पितळात त्याचं काम एकच. ऑपरेशनच्या आधी पुरुषांच्या अंगावरचे केस काढायचे. एकतीस वर्षं. सुरुवातीला वस्तऱ्यानं, आणि आता काही वर्षं मशीननं, कारण वस्तऱ्यानं डोळ्याला न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यातून जखम चिघळते असं वरून लिहून आलं होतं. वस्तरा खालच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळून ठेवताना त्याला वाईट वाटलं होतं, पण मशीन चांगलंच होतं. चांगल्याला तो चांगलं म्हणायचा. त्यानं मशीन घेतलं, दोन नवी पाती घेतली, पडलेले केस टिपायला चिकटपट्टीचं रीळ घेतलं, अंगाखाली घालायचा कागद घेतला. ट्रे भरताना हात आपोआप चालत होते आणि डोकं वडिलांच्या दुकानात जाऊन बसलं होतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, त्यामुळे एका माणसाची पन्नास माणसं दिसायची. वडील धिप्पाड, डोक्यावर टक्कल आणि गळ्याखाली जंगल. कॉलरच्या वरून केस बाहेर डोकवायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तर, तुमचे केस घसरून खाली आले वाटतं. वडील हसायचे, त्यांची छाती हलायची आणि तिच्यावरचे केसही हलायचे. दादा त्यांचीच उतरती प्रत. दहा वर्षांनी मोठा, सोळाव्या वर्षीच मिशी, अठराव्या वर्षी छाती भरलेली, गल्लीतली पोरं त्याला अस्वल म्हणायची आणि तो खुशाल अस्वलासारखा गुरगुरून दाखवायचा. आणि या दोघांच्या मध्ये केर काढणारा हा. पंधरा वर्षांचा झाला, सोळा झाला, सतरा झाला, अंग दुधी भोपळ्यासारखं. तेच नाव पडलं. दुध्या. "दुध्या, जरा पाणी आण." "मास्तर, हा दुध्या नक्की तुमचाच ना? का दवाखान्यात अदलाबदल झाली?" खुर्चीतला माणूस गळ्यावर वस्तरा असतानासुद्धा असले विनोद करतो, याचं त्याला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटत नाही. धारेखाली बसलेला माणूस गप्प बसूच शकत नाही, हे त्याला हजारो माणसांनी शिकवलं होतं.

पण खरी अडचण विनोदांची नव्हती, धारेची होती. त्यांच्या दुकानात वस्तरा आधी दगडावर घासायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, आणि मग धार आली की नाही ते डाव्या हातावर बघायचं. मनगटाच्या वर चार बोटं जागा, तिथं पातं अलगद टेकवायचं, केस आवाज न करता खाली पडले की धार आली. वडिलांच्या डाव्या हातावर तिथं कायमचा टक्कल पडलेला चौकोन होता. दादाच्या हातावरही होता. तो चौकोन म्हणजे कारागीर असल्याची खूण. याच्या हातावर लव सोडली तर काही नव्हतंच, तर धार बघायची कशावर? पहिल्या दिवशी त्यानं वस्तरा पाजळला, हातावर ठेवला, आणि तसाच उभा राहिला. गिऱ्हाईक आरशातून बघत होतं. दादानं तोंड फिरवून हसू दाबलं. वडिलांनी हातातली कात्री खाली ठेवली, दोन पावलं चालत आले, बाही वर सारली आणि आपला डावा हात त्याच्यापुढे धरला. "बघ." चौकोनाच्या कडेला थोडे केस शिल्लक होते, ते त्यानं काढले. "लागतीय?" "लागतीय." "मग कर सुरू." पुढची दोन वर्षं दिवसातून पाच-सहा वेळा तो हात असा पुढे येत राहिला. वडील गिऱ्हाइकाशी बोलत असायचे, इकडे बघायचेसुद्धा नाहीत, नुसता हात मागं यायचा. चौकोन वाढत वाढत कोपराला टेकला. दोन माणसांची धार एका हातावर. या गोष्टीला कुणी काही नाव दिलं नव्हतं, आणि त्यालाही ती कितीतरी वर्षं नुसती कामाची सोय वाटत होती.

वडील एका आठवड्याच्या तापात गेले. दुकान उघडलं तेव्हा दादा वडिलांच्या खुर्चीमागं उभा होता आणि हा दुसरीमागं. त्यानं वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि सवयीनं उजवीकडे वळला, हात घ्यायला. दादाचा हात बाजूलाच होता, केसाळ, चौकोनाचा, वडिलांसारखाच. तो पुढे आला नाही. दादा सत्तावीस वर्षांचा होता, नवं लग्न झालेलं, डोक्यावर घर पडलेलं, आणि खुर्चीत नेमका तोच अदलाबदलवाला बसला होता. तो काहीतरी बोलला. दुकानात हशा पिकला. आणि दादा त्या हशातच, जणू त्यातलाच एक विनोद करावा तसं म्हणाला, "बाबांच्या खुर्चीला बाबांचं रक्त लागतं. तू दुसरं काही बघ." हसू कुणाचं कधी थांबलं ते त्याला आठवत नव्हतं. आरशातले पन्नास दुध्ये एकदम लाल झालेले तेवढे आठवत होते. वस्तरा फडक्यात गुंडाळून तो निघाला, आणि मागं आईच्या बांगड्या वाजल्या. ती आतल्या दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती काही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याचा त्यानं नको तो अर्थ काढला. इतका नको तो, की आज त्याला तो अर्थ स्वतःशीही उच्चारवत नव्हता.

मग आलं ते वेडाचं वर्ष. भाड्याच्या खोलीत तो रोज सकाळी शर्ट काढून आरशासमोर उभा राही आणि स्वच्छ, कोरड्या, गुळगुळीत छातीवरून वस्तरा फिरवी. दुकानात सगळेच म्हणायचे, वस्तरा लावला की केस दाट येतात. पोरांना मिशी यावी म्हणून बाप स्वतःहून पोरांना खुर्चीत बसवायचे. तीनशे दिवस त्यानं नसलेलं पीक कापलं. छाती सोलवटली, दोनदा पिकली, केस मात्र आला नाही. दादाला दाखवायला एक मूठभर केस हवे होते, बाकी काही नको होतं. आता आठवलं की त्याला हसू येई, आणि हसता हसता त्या खोलीतल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटे.

अक्कल या इस्पितळात आली. अक्कल म्हणजे उघडी अंगं. शर्टाखाली माणूस कसा असतो हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याला माहीत होतं. दगडासारख्या दंडांचा हमाल, आणि अंगावर एक केस नाही. काडीसारखा कारकून, आवाज चिमणीचा, आणि पाठीवर सतरंजी. बाप-लेक एकाच दिवशी हर्नियाला आलेले, बाप केसाळ, लेक साफ, आणि दोघांचं नाक एका साच्यातलं. तीन भाऊ तीन तऱ्हेचे. असे दहा बघितले, शंभर बघितले, मग मोजायचं सोडलं. आणि एकदा, तेव्हा तो नुकता अक्षरं लावायला शिकला होता, त्यानं कातडीच्या डॉक्टरीण बाईंना जिन्यात गाठून सरळ विचारलं. बाई पायरीवरच थांबल्या. म्हणाल्या, "केसांची भोकं सगळ्यांना जवळजवळ सारखीच असतात, काका. जन्मतानाच घेऊन येतो आपण. तुमच्या छातीवरही आहेत, फक्त त्यातून लव येते." "मग राठ का होत नाही?" "वयात येताना अंगात एक रस तयार होतो, तो मुळांना हाक मारतो. हाक तुम्हालाही येते. कुणाच्या मुळाला ती पटकन ऐकू येते, कुणाच्या मुळाचा कान जाड. तोच रस डोक्यावर काही जणांचे केस घालवतो आणि छातीवर आणतो." वडिलांचं टक्कल आणि वडिलांचं जंगल एका क्षणात एकाच धाग्यात ओवलं गेलं. "आणि कान जाड कुणामुळं होतो?" "आईकडून काही येतं, बापाकडून काही येतं. पत्ते पिसल्यासारखं. सख्ख्या भावांनाही एक डाव मिळत नाही." "म्हणजे पुरुषपणात काही कमी..." बाई हसल्या. "मुलं किती तुम्हाला?" "दोन." "मग जा कामाला." तो गेला. त्या दिवशी त्यानं पंधरा माणसं केली आणि एकालाही ओरखडा नाही.

पण आईकडचे पत्ते बघायचे राहिले होते. आईचं माहेर लांब, ती लग्न होऊन आली ती परत गेलीच नाही. शेवटच्या आजारात ती त्याच्या घरी होती. एका दुपारी तिची नखं काढताना त्यानं, जणू हवापाण्याचं विचारावं तसं, विचारलं, "तुझे वडील कसे होते गं दिसायला?" ती म्हणाली, "तुझ्यासारखे. दाढीसुद्धा धड यायची नाही त्यांना. आठवड्यातून एकदा वस्तरा लावायचे, तेही कौतुकानं." नखं काढायची कात्री त्याच्या हातात तशीच राहिली. "मग हे तेव्हा का नाही बोललीस?" आईनं त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे वय झालेले, पण त्या दिवशी कोरडे आणि लख्ख होते. "मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. "तुम्ही दोघं आपसात ठरवून मोकळे झालात, मी कशी होते ते. तो मोठ्यानं बोलला, तू मनात बोललास. फरक एवढाच." आणि तिनं दुसरा हात पुढे केला, त्याचीही नखं काढायची होती म्हणून.

अकरा नंबरच्या बाहेर बाकड्यावर वहिनी बसली होती. त्याला बघून ती उठली, पदर सारखा केला, "भाऊजी," म्हणाली. "बसा वहिनी. अर्ध्या तासाचं काम आहे." तो आत गेला. दादा डोळे मिटून पडला होता. अस्वल म्हातारं झालं होतं. गळ्याखालचं जंगल पांढरं झालं होतं, पण दाट तसंच. बेचाळीस वर्षांत दोघं तीनदा भेटले होते, तिन्ही वेळा कुणीतरी गेलं म्हणून. त्यानं पडदा ओढला, ट्रे ठेवला, आणि प्रत्येक रुग्णाला सांगतो तेच, त्याच आवाजात सांगितलं, "केस काढायला आलोय. दुखणार नाही. थंड लागेल."

"तुझा आवाज बाबांसारखा झालाय," दादा डोळे न उघडता म्हणाला.

पायांपासून सुरुवात करायची त्याची पद्धत होती. माणसाला पायांची लाज कमी वाटते. पांघरूण वर केलं आणि त्याचा हात थांबला. मांडीपर्यंत राठ केस, आणि गुडघ्याखाली काही नाही. नडग्या चकचकीत, कातडी पातळ, ओढलेली. त्यानं पालथी बोटं लावून बघितलं. डावा पाय उजव्यापेक्षा गार.

"बघतोस काय," दादा म्हणाला. "खालून तुझ्यासारखा झालोय."

"कधीपासून?"

"तीन-चार वर्षं. आधी वाटलं मोज्यानं घासून गेले."

"मोज्यानं घोट्यापाशी जातात, गुडघ्यापर्यंत नाही. चालताना पोटऱ्या भरून येतात?"

"येतात. थांबावं लागतं."

त्यानं पडद्याबाहेर डोकं काढलं. "सिस्टर, अकराच्या डाव्या पायात रक्त कमी जातंय का ते एकदा डॉक्टरांना बघायला सांगा. नडगीचे केस गेलेत आणि पाय गार आहे." सिस्टरनं मान हलवली आणि लिहून घेतलं. त्याच्या बोलण्यावर इथं कुणी हसत नसे. आत वळला तेव्हा दादाचे डोळे उघडे होते.

"केसांवरून कळतं तुला हे?"

"मुळाला रक्त मिळालं नाही की केस राहत नाही. माझं निराळं. माझ्यात रक्त भरपूर आहे."

हे बोलून गेल्यावर ते वाक्य दोघांच्या मध्ये खाटेवर पडून राहिलं. त्यानं ते मुद्दाम टाकलं नव्हतं, पण आता उचलायलाही गेला नाही. मशीन सुरू केलं. मांड्या झाल्या, पोटाचा खालचा भाग झाला. पांढरे केस कागदावर पडत होते, चिकटपट्टीला लागून वर येत होते. बारीक घरघर चालू होती, आणि त्या घरघरीच्या आडून दादा बोलायला लागला, तसं बोलतातच सगळे.

"माझा धाकटा बघितलायस तू?"

"लहान असताना. आईच्या वेळेला."

"आता बत्तीसचा घोडा झालाय. छातीवर एक केस नाही." दादा छताकडे बघत होता. "अठरा वर्षांचा होता तेव्हा मी वाट बघितली. वीसचा झाला. बावीसचा झाला. एक दिवस आंघोळ करून उघडाच बाहेर आला, आणि मला वाटलं तूच आलास."

मशीन चालू होतं.

"दुकानात त्याला कुणी काही बोललं?" त्यानं विचारलं.

"एकजण बोलला."

"मग?"

"अर्धी दाढी ठेवून हाकलला. साबण तोंडाला तसाच. दहा वर्षं झाली त्याला."

दहा वर्षं. म्हणजे दहा वर्षं दादाला कळलेलं होतं आणि तो आला नव्हता. त्याला वाटलं आता राग यावा. त्यानं राग शोधला, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या जागी हात घातला, आणि तिथं फक्त एक पोरगं सापडलं, आरशासमोर नसलेले केस कापणारं. आणि त्याच्या शेजारी दुसरं, सत्तावीस वर्षांचं, बापाच्या खुर्चीमागं उभं, गिऱ्हाईक हसतंय म्हणून हसणारं. दोघांनाही कुणी काही शिकवलेलं नव्हतं. नुसता वस्तरा शिकवला होता.

"कुणावर गेलाय रे तो?" दादानं विचारलं. हा प्रश्न त्यानं धाकट्याबद्दल विचारला होता, आणि नव्हता.

"आईच्या वडिलांवर. त्यांना दाढीसुद्धा धड येत नव्हती."

"कुणी सांगितलं तुला?"

"आईनं."

"मला नाही बोलली कधी."

"तू विचारलंस?"

दादानं डोळे मिटले. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं, चाकांची गाडी गेली, भांडं आपटलं. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघालं आणि पांढऱ्या कल्ल्यांत जिरलं. त्यानं दादाचे डोळे पुसले नाहीत. विचारलंस का, हे आईचं म्हणणं होतं. ते तिच्याकडून पोचलं होतं, त्यात याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं मशीन बंद केलं. खालचं पातं वर वापरायचं नसतं. जुनं काढून टाकलं, हातमोजे बदलले, नवं पातं पाकिटातून काढून बसवलं. टक् असा आवाज झाला. आता छाती. त्यानं दादाचा सदरा दोन्हीकडे सारला आणि ते सगळं जंगल त्याच्यासमोर उघडं झालं. कॉलरवरून डोकावणारं, हसताना हलणारं, ज्यातला मूठभर वाटा मिळावा म्हणून त्यानं एक वर्ष घालवलं होतं. अर्ध्या तासात ते कागदात गुंडाळून टाकायचं होतं. त्यानं मशीन हातात घेतलं.

"थांब," दादा म्हणाला.

त्याला वाटलं, नको म्हणतोय. घरचा हात नको. पण दादानं अंगावरची चादर चाचपली, तिच्याखालून डावा हात ओढून काढला. नळी उजव्या हाताला होती, डावा मोकळा होता. दोन बोटांनी बाही वर सारता सारता त्याला धाप लागली. मनगटाच्या वर चार बोटं तो चौकोन होता, आता अर्धा भरून आलेला, त्यात पांढरे केस उगवलेले. दुकान धाकट्याकडे गेल्यापासून धार बघायचं काम पडलं नसावं. दादानं छताकडेच बघत तो हात खाटेच्या कडेवरून त्याच्यापुढे धरला.

मशीनची धार बघायची नसते. पातं कारखान्यातून बंद पाकिटात येतं, एकदाच वापरायचं, टाकून द्यायचं. हे दादालाही ठाऊक असणार, आयुष्य त्यातच गेलेलं. पण हात मागं जात नव्हता.

त्यानं डाव्या हातानं ते मनगट खालून धरलं. मशीन सुरू केलं आणि चौकोनाच्या कडेनं एकदाच, हलकं, फिरवलं. चार पांढरे केस आवाज न करता कागदावर पडले.

"लागतीय?" दादानं विचारलं.

"लागतीय."

"मग कर सुरू."